पट्ट्यावरची जाळी आणि कोऱ्या पानावरची सही

मी, तेजराम गोमाजी बांडेबुचे, वय ६८, राहणार आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, राईस मिलचा निवृत्त मिस्त्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीत आहे, चष्मा लावला आहे आणि कोणी चहा पाजून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. चहाचे का सांगतो ते पुढे येईल.

१. आंबागडचे राहते घर परसासह माझी पत्नी चंद्रभागाबाई हिला. त्यात कोण राहील आणि कोण नाही हे तीच ठरवील. चाळीस वर्षे मी तिला न विचारता ठरवत आलो आणि त्यातले निम्मे फसले.

२. दीड एकर धानाची शेती माझ्या कष्टाची आहे. ती मुलगी रुपा आणि मुलगा मोनू यांना निम्मी निम्मी. मोनूला हे पटणार नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी रुपा सासरहून एसटीने आली. मोनू माझ्याच जुन्या मिलच्या ऑफिसात बसतो, तो फोनवर म्हणाला, "शेठले इचारून सांगतो." बापाला दवाखान्यात न्यायलाही याला शेठचा हुकूम लागतो. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था रुपाने पाहावी.

३. माझी पान्यांची पेटी मिलमधला माझा सोबती हिरालाल याच्या मुलीला, हर्षाला. ती आयटीआयला फिटरचे काम शिकते. अट एकच: मशीनच्या चालू पट्ट्याजवळ जाळीशिवाय उभे राहायचे नाही, सांगणारा कोणीही असो.

४. 'उत्कृष्ट कामगार सहभाग' अशी अक्षरे कोरलेले पितळी तबक मिलचे मालक राजकुमारशेठ यांना परत करावे. ते मला भर सभेत, हार घालून दिले होते. घरात त्याचा उपयोग झाला नाही. चंद्रभागाबाईने त्यात एकदा कोंबड्यांना कणी घातली, तेवढाच.

या तबकाची हकीकत अशी. अकरा वर्षे मी मिलच्या कामगार सहभाग समितीत प्रतिनिधी होतो. शेठने आम्हाला विचारून घेतलेले निर्णय दोन: पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यावा की हिरवा, आणि पंधरा ऑगस्टला बुंदी वाटावी की जिलेबी. जिलेबीवर दोन बैठका झाल्या. पाळी किती तासांची, हमाल कमी का केले, मशीन कधी बंद ठेवायची, तेवढी अक्कल आम्हाला नव्हती म्हणे.

बैठक महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मॅनेजर रजिस्टरचे कोरे पान पुढे करायचा. आधी सह्या, मग चहा-आलुबोंडा, मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. मजकूर तो मागाहून निवांत भरायचा. "तुमचाच टाइम वाचते," म्हणायचा. आम्हीही मोठे शहाणे, सही ठोकून बोंडा उचलायचो. मी तर सहीखाली दोन रेघा ओढायचो. हातांची खुर्ची मिळाली होती ना बसायला.

५. आता जे सांगण्यासाठी हा कागद घेतला ते.

मार्च २०२३ मध्ये शेठच्या हुकमाने पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढली. जाळी असली की अडकलेला भुसा काढायला मशीन थांबवावी लागते, आणि थांबलेली मशीन शेठला पाहवत नाही. सोळा दिवसांनी हिरालालचा उजवा हात पट्ट्यात कोपरापासून गेला. बटण मीच बंद केले. उशीर झाला होता.

हिरालालच्या भरपाईच्या दाव्यात शेठच्या वकिलाने समितीचे त्या महिन्याचे रजिस्टर काढले. 'जाळीमुळे काम अडते, सबब ती काढावी, अशी मागणी कामगार प्रतिनिधींनी एकमताने केली.' म्हणजे दोष कामगारांचाच. खाली पाच सह्या. एक माझी, दोन रेघांसकट. एक खुद्द हिरालालची. ज्या हाताने त्याने ती केली तो हात आता नाही.

मी शपथेवर लिहितो: अशी मागणी कोणीही केली नाही. त्या सोमवारी जाळीचा शब्दसुद्धा निघाला नाही. सह्या केल्या तेव्हा पान कोरे होते. शेठ हलकट आहे आणि मॅनेजर त्याचा हुजऱ्या आहे. पण हे सगळे माहीत असून अडीच वर्षे तोंड शिवून बसलेला मी त्या दोघांहून हलका. अपघातानंतर महिन्याभरात मोनूला ऑफिसात घेतले. का घेतले ते मला कळत होते.

हे कलम मी घरात वाचून दाखवले. मोनू म्हणाला, "बाबा, माही नौकरी जाईन. हिरालालकाकाचा हात वापस येनार हाये का?"

चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. "मेल्यावर काहून सांगता? मेलेल्या मानसाले वकील का इचारन? जित्ते आहा तं जा न कोर्टात."

मी म्हटले, विचार करतो. ती म्हणाली, "अडीच वर्सं तेच करून राहिले तुमी."

६. पत्नीचे म्हणणे मान्य. दाव्याची तारीख येत्या १८ डिसेंबरला भंडाऱ्याला आहे. मी साक्षीला उभा राहणार, तसे हिरालालच्या वकिलाला कळवले आहे. मोनूची नोकरी गेली तर त्याच्या वाट्याची शेती आहे, चिखलात उतरून रोवणी शिकेल. त्या तारखेआधी मी मेलो तर कलम ५ रुपाने न्यायालयात द्यावे. आणि जिवंत असून मी गेलो नाही, तर हे अख्खे मृत्युपत्र रद्द समजावे. त्याखालची माझी सहीसुद्धा रजिस्टरातल्या सहीसारखीच समजावी.

साक्षीदारांनी सर्व पाने वाचून, माझ्यासमोर सह्या केल्या आहेत. कैलाशला वाचायला पाऊण तास लागला. तोवर कोणाला चहा दिला नाही.

लिहून देणार: तेजराम गोमाजी बांडेबुचे (सही, रेघा न ओढता)

साक्षीदार:
१. अश्वजित मेश्राम, शिक्षक, आंबागड (सही)
२. कैलाश शेंडे, निवृत्त एसटी वाहक, आंबागड (सही)

ठिकाण: आंबागड
दिनांक: ९ डिसेंबर २०२५