फायनल होईपर्यंत

सिडेलिया, मिसूरी
२३ जून १९८६

प्रिय ॲग्नेसताई,
स.न.वि.वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. मी खुशाल आहे. तुझ्या लेकीचं काय ते पुढे वाच आणि तूच ठरव.

दौऱ्यावरच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर आम्ही चौघी बायका. ढोल-बिगुल पथकातली पोरं टोळधाडीसारखी येतात, ताटं चाटूनपुसून साफ करतात आणि पुन्हा मैदानावर पळतात. तू दिलेल्या कृतीनं मी खसखशीच्या कोलाची केल्या, तर ढोलवाल्यांनी ते गोड पाव एकमेकांना फेकून मारले. कृतीत काहीतरी गाळून देण्याची तुझी सवय अजून गेलेली नाही.

जॅनेल मात्र जेवायला सगळ्यांच्या मागून येते आणि ताट अर्धं टाकून जाते. कवायतीचे पूर्वीचे कुचेरा सर आहेतच. म्हातारा फटकळ आहे, एक वळण मनासारखं येईपर्यंत अख्खी दुपार तेच तेच करून घेतो. पण मुलांना पाणी दिल्याशिवाय स्वतः घोट घेत नाही. पोरं त्याच्या नावानं बोटं मोडतात आणि त्याच्याच मागे हसत फिरतात. मला काळजी आहे ती बिगुलांच्या नव्या मास्तरची, त्या रँडल प्राइसची.

आपल्या पथकातली रीत तुला माहीत आहे. चुकलं की आपणहून हात वर करायचा, बाजूला होऊन जोर काढायचे, परत रांगेत यायचं. लेनर्डभावजींच्या वेळेपासून चालत आलंय आणि मला त्यात वावगं वाटत नाही. या प्राइसनं मात्र त्याला भलतंच वळण दिलंय. त्याला चूक ऐकू आली आणि हात वर झाला नाही, की सगळी रांग मैदानाभोवती पळते, कुणीतरी हात वर करेपर्यंत. तोवर पाणी बंद. पाण्याची भांडी मीच भरून ठेवते, आणि ती तशीच उन्हात तापत राहतात.

मी परवा फोन केला होता. भावजींनी उचलला आणि पोरीला लाडावायला पाठवलेलं नाही म्हणून ठेवून दिला. तू एकदा स्वतः येऊन बघ ना. एवढं ऐक, मग वाटेल तेवढं रागाव.

तुझी,
लिबी


पिट्सबर्ग, कॅन्सस
२८ जून १९८६

ती. आईस,
सा.न.वि.वि.

मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल, बस फार हलते. (बस उभी आहे हे मावशी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते. हात जरा थरथरतो. मोठं बिगुल दिवसभर खांद्यावर असतं, त्यानं होतं.)

मावशीचं फार मनावर घेऊ नकोस. तिला कुणी दोन घास कमी खाल्ले की जग बुडाल्यासारखं वाटतं. प्राइस सर कडक आहेत, पण आमचे सूर गेल्या वर्षीपेक्षा खूप चांगले लागतात, हे कुणीही सांगेल. गेल्या शनिवारच्या स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. ते म्हणतात की आमच्यातल्या निम्म्यांना घरी कुणी कधी खरं बोललेलंच नाही. ते बोलतात. माझ्याबद्दल काय बोलतात ते लिहीत नाही, बाबांना आवडणार नाही.

रात्री झोप नीट लागत नाही. कधी कधी वाटतं की घरी यावं आणि डुकरांच्या गोठ्यात बाबांबरोबर काम करावं, तिथे निदान कुणी चुका मोजत नाही. पण मी निघाले तर मैदानावर आमची रांग जी कमान करते, त्या कमानीत भोक पडेल. वरच्या बाकांवरून ते पहिल्यांदा दिसतं आणि परीक्षक वरच बसतात. माझ्यामुळे सगळ्यांचा उन्हाळा वाया जायला नको. म्हणून येत नाही. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

बाबांना सांग, त्यांचं जुनं पथकाचं जाकीट माझ्या बॅगेत आहे, मी ते जपते.

तुझी लाडकी,
जॅनेल


वेस्ट टाबोर, आयोवा
३ जुलै १९८६

प्रिय लिबी,
अ.उ.आ.

तुझं आणि जॅनेलचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही वाचून मला वाटलं की तुम्ही दोघी वेगवेगळ्या गावात राहता.

तू रागावायची मुभा दिलीच आहेस. लिबी, तू शिवणाचा वर्ग सोडलास, नर्सिंग सोडलंस, त्या बिचाऱ्या एल्डनला चर्चची तारीख ठरल्यावर सोडलंस. तुला कुठलीही गोष्ट अंगाला लागली की ती जुलूमच वाटते. लेनर्ड म्हणतात, त्यांच्या मास्तरनं त्यांच्या बोटांवर काठी मारली होती आणि म्हणूनच ते आज पहाटे चारला उठू शकतात. पहाटे उठायला काठी कशाला लागते, ते मला अजून कळलेलं नाही, पण मी वाद घातला नाही.

आणखी एक, जे मला लिहायला जड जातंय. त्या प्राइस सरांनी स्वतः फोन केला होता. फार अदबीनं बोलले. म्हणाले की संपूर्ण रांगेत सगळ्यात जास्त चुका आपल्या जॅनेलच्या होतात, रोज तिचाच हात वर असतो, आणि घरच्यांची साथ असेल तरच ते तिला सुधारू शकतील. लेनर्डचा चेहरा असा पडला की काय सांगू. त्यांनी सांगून टाकलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आमची ना नाही.

ती जेवते का, एवढं मात्र मला खरं कळव.

तुझी,
ॲग्नेस


एनिड, ओक्लाहोमा
१० जुलै १९८६

प्रिय ताई,
स.न.वि.वि.

एल्डनला सोडलं ते बरंच केलं, तो आता तिसरीबरोबर नांदतोय. मला काय हवं ते बोल, पण हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच.

त्या चुका जॅनेलच्या नाहीत. तिच्या शेजारची मुलगी डोना ट्रकवर बर्फ मागायला आली आणि रडत रडत सगळं सांगून गेली. रांग पळायला लागली की कुणाला तरी उलटी होते, कुणाचा पाय मुरगळतो. मग तुझी पोर हात वर करते. चूक कुणाचीही असो. आधी एकदोनदा केलं, आता सगळे तिच्याकडे बघतच उभे राहतात. तुझी ही अशी मुलगी, आणि तो माणूस तिला रोज सर्वांदेखत आळशी म्हणतो, बिनकामाची म्हणतो, तिच्या अंगाबद्दल जे बोलतो ते मी कागदावर उतरवणार नाही. त्याला माहीत आहे गं ताई, त्या चुका तिच्या नाहीत. इतका चांगला कान असलेल्या माणसाला कुठलं बिगुल चुकलं ते कळत नाही होय?

काल त्यानं तिला भर दुपारी वाहनतळावर लावलेल्या उंच शिडीवर बिगुल खांद्यावर घेऊन उभं केलं. बाकीच्यांना समोर बसून जेवायला लावलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर तिनंच मान हलवून मला परत पाठवलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, ताई. मी प्यायला दिलं तर बाकीच्यांना पळावं लागणार होतं.

कुचेरा सर ताट टाकून उठले आणि प्राइसला सर्वांसमोर म्हणाले, की मीही पोरांना पन्नासदा करायला लावतो, पण मला ते वळण यायला हवं असतं, तुला फक्त त्यांची भीती हवी असते. मग ते पथकप्रमुखाकडे गेले. प्रमुख म्हणाला, गुण वाढताहेत. आज सकाळी म्हातारा बसनं घरी गेला. जाताना त्यानं माझा हात धरला.

मी प्रमुखाला म्हटलं की मी भाचीला घेऊन जाते. तो म्हणाला, ती सतरा वर्षांची आहे, आईबापांशिवाय कुणाच्या ताब्यात देता येणार नाही, आणि तिच्या वडिलांनी तर प्राइसना पूर्ण मोकळीक दिलीय. ताई, मी पाया पडते. भावजींना ट्रकमध्ये घाल आणि निघा. मला घरी फोन लावून भावजींचा आवाज ऐकायची आता हिंमत नाही, ते पुन्हा ठेवून देतील; तूच इकडे प्रमुखाला फोन लाव.

तुझी,
लिबी


वेस्ट टाबोर, आयोवा
११ जुलै १९८६

चि. जॅनेल,
अ.उ.आ.

प्राइस सरांचा पुन्हा फोन आला होता. तू मन लावत नाहीस, असं ते म्हणतात. हे पत्र मी लिहितेय, पण शेजारी बाबा बसलेत आणि त्यांचं म्हणणं तेच माझं समज.

बाळ, आपल्या घरात कुणी काम अर्धं सोडलेलं नाही. तुला सगळ्यांत जास्त वेळा बाजूला व्हावं लागतं, हे ऐकून आम्हाला मान खाली घालावी लागते. बाबांनी ते जाकीट तुला मिरवायला दिलं नव्हतं. मावशीजवळ जाऊन रडत बसू नकोस, ती स्वतः कधी कशात टिकलेली नाही. थोडी कळ काढ. आणि घरी यायचं वगैरे जे लिहिलंस ते मनातून काढून टाक. फायनल होईपर्यंत घरी यायचं नाही. त्यानंतर मी तुला हवं ते करून घालीन.

तुझी आई


वेस्ट टाबोर, आयोवा
१४ जुलै १९८६, जलद टपाल

लिबी,

मायना लिहायला वेळ नाही. तुझं पत्र आत्ता आलं. शुक्रवारी मी जॅनेलला एक पत्र टाकलंय, सलायनाला पथक उतरणार आहे त्या शाळेच्या पत्त्यावर. ते तिला देऊ नकोस. संध्याकाळी पत्रं वाटतात तेव्हा गठ्ठा तुझ्या हातात घे, निळं पाकीट आहे, फाडून चुलीत टाक. वाचूही नकोस.

शाळेत फोन लावला, सुट्टीत कोण उचलणार, नुसती घंटी वाजते. लेनर्ड गोठ्याकडे गेले आणि शेजारच्या व्हॅक्लावला डुकरांचं बघायला सांगून आले. उद्या उजाडायच्या आत निघतो. तिला सांग, आम्ही येतोय. तिनं काहीही करू नये, हात खाली ठेवावा, आम्ही येतोय.

ॲग्नेस


वेस्ट टाबोर, आयोवा
१९ ऑगस्ट १९८६

प्रिय लिबी,
अ.उ.आ.

तू परत गेल्यापासून घर फार गप्प झालंय. म्हणून लिहायला बसले.

जॅनेलला अजून सीडर रॅपिड्सला डायलिसिसच्या यंत्रावर न्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात की मूत्रपिंडं जागी होतील, तरुण आहे. होतीलच, असं म्हणत नाहीत. सलायनाला आम्ही पोचलो तेव्हा तू दवाखान्याच्या पायरीवर बसली होतीस, त्यावरूनच मला सगळं कळलं होतं. उन्हात कोसळल्यावर तिला मैदानातून उचललं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, हे तू मला त्या दिवशी सांगितलं नाहीस, डोनाच्या आईनं सांगितलं. पथक फायनलला तिसरं आलं म्हणे. प्राइस अजून तिथेच आहे. लेनर्डनी वकील गाठलाय. वकिलानं विचारलं की फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात, आणि ते तिथेच कागदपत्रं टाकून उठून आले. आता जेवायला गोठ्यातच नेऊन द्यावं लागतं.

मला एकाच गोष्टीचा आधार आहे. मी जॅनेलला विचारलं, निळं पाकीट मिळालं का. ती म्हणाली, मिळालं होतं, पण दमले होते, उघडलंच नाही, बसमध्ये कुठेतरी पडलं. माझं जलद टपाल तुला मिळालं तोवर उशीर झाला होता, ते मला माहीत आहे. पण देवानं एवढी तरी दया केली. ते पत्र तिनं वाचलं असतं तर मी जगले नसते, लिबी. खरंच सांगते, जगले नसते.

तिला दोन ओळी लिही. माझ्याशी ती फार गोड बोलते, त्याचीच भीती वाटते. मला सोडू नकोस.

तुझी,
ॲग्नेस


वेस्ट टाबोर, आयोवा
२७ ऑगस्ट १९८६

प्रिय लिबीमावशी,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र मिळालं. त्या निळ्या पाकिटाबद्दल तू मला सरळच विचारलंस, म्हणून सरळ सांगते. सांगायला दुसरं कुणी नाही.

त्या संध्याकाळी सलायनाला मी बॅग भरून ठेवली होती. कमानीत भोक पडलं तर पडू दे, असं पहिल्यांदा मनात आलं होतं. डोना म्हणाली, तू जा, आम्ही बघून घेऊ. पत्रं वाटून झाली की तुझ्या ट्रकवर यायचं आणि तुझ्या देखत घरी फोन करून आईला म्हणायचं की मला घेऊन जा, असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. मग माझं नाव पुकारलं आणि आईचं पत्र हातात आलं. ते मी शाळेच्या जिन्यात बसून दोनदा वाचलं. नंतर बॅग पुन्हा उपसली आणि बाबांचं जाकीट घडी घालून उशाला घेतलं.

सकाळी प्राइस सरांनी कुणाची चूक म्हणून विचारलं, तेव्हा अजून कुणी वाजवायला सुरुवातही केली नव्हती. मी हात वर केला. पुढचं तुला माहीत आहे.

आईला मी सांगितलंय की पत्र उघडलंच नाही. ती रोज सकाळी येऊन पलंगावर बसते, काय खाशील विचारते, आणि मध्येच पुन्हा विचारते की नक्की उघडलं नव्हतंस ना. मी नक्की म्हणते. मग ती मोकळा श्वास घेते आणि स्वयंपाकघरात जाते. तिनं तुला विचारलं, तर तूही हेच सांग. मावशी, मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय गं, पण बघतेस ना, ती फक्त त्याच्यावरच जगतेय.

हे पत्र वाचून जाळ, आणि माझ्यावरची माया तेवढी राहू दे.

तुझी,
जॅनेल