हरणाबाईच्या हातातलं घड्याळ

प्रिय प्रियू,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून सांगते, आता मी बरी आहे. फोन करावा तर तू साताऱ्याच्या घाटात धापा टाकत असतेस नाहीतर ऑफिसात असतेस, आणि माझी तर पाल्हाळ लावायची सवय. म्हणून बसले लिहायला.

तुझं पळायचं जुनं घड्याळ मी तू सांगितल्याप्रमाणे आठवडाभर वापरून बघितलं. नुसतं हातात घाल, तू किती चाललीस, कशी झोपलीस, सगळं मला इथं दिसेल, म्हणाली होतीस. मलाही हौस वाटली. पण बाबा गेल्यापासून रोज दिवेलागणीला तुझा फोन यायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का. घड्याळ आलं आणि तो थांबला. त्याच्या जागी अंगठ्याचं चित्र यायला लागलं. अंगठ्याशी काय बोलणार गं?

त्यात हे दशलक्षण पर्वाचे दिवस. रोज पूजा, तांदूळ निवडणं, व्रतवाल्यांचा स्वयंपाक. पहिल्याच दिवशी बस्तीच्या पायरीवर शंका आली, पट्टा चामड्याचा तर नसेल? आपल्या जैनांच्या देवळात चामडं कसं न्यायचं? चष्मा घरी राहिलेला. दारातल्या फुलवाल्या हरणाबाईनं पट्टा हुंगून बघितला, तरी तिलाही सांगता येईना. मग तिच्याकडेच ठेवायला दिलं आणि कामाच्या गडबडीत साफ विसरले. हरवायला नको म्हणून तिनं ते हातात घातलं, डोक्यावर पाटी घेऊन अख्खं गाव पालथं घातलं, सुटलेली मिरजेची बस गाठायला पळालीसुद्धा. संध्याकाळी घरी आणून दिलं आणि म्हणाली, "आवं अक्का, ह्ये लय थरथरतंय. माज्यावर चिडलंय का काय?"

घड्याळ फोनजवळ ठेवलं आणि थोड्याच वेळात तुझा निरोप, आई, आज चक्क पळालीस, शाब्बास. मी एकटीच हसत बसले. ही गंमत लिहून नाही, फोनवरच सांगायची, असं ठरवून राखून ठेवली. रात्री वाट बघितली. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. बस्तीत दिसले नाही म्हणून हरणाबाई चौकशीला आली, तेव्हा घड्याळ मी आपणहून तिच्या हातात बांधलं. तुझी रविवारची शर्यत तोंडावर आलेली, तुझ्या जिवाला घोर नको, असं मी मनाला सांगितलं. ते खरंच होतं, पण अर्धंच. बाकीचं अर्धं असं की मला बघायचं होतं, घड्याळात सगळं छान दिसत असतानाही तुला आईशी बोलावंसं वाटतं का.

तीन दिवस अंथरुणावर होते. धंदा आटोपून हरणाबाई यायची, दिवस मावळायच्या आत पेज करून मला पाजायची, मग घड्याळ फोनजवळ ठेवायची. की आला तुझा अंगठा. तिसऱ्या दिवशी तू लिहिलंस, आई, तू तर माझ्यापेक्षा ठणठणीत झालीस. ते वाचून मला रडू आवरेना. हरणाबाईला वाटलं ताप डोक्यात गेला, तिनं कपाळावर ओली पट्टी ठेवली. मीही ठेवू दिली. कुणीतरी कपाळाला हात लावून किती दिवस झाले होते.

रागावले नाही गं तुझ्यावर. तू रोज न चुकता बघत होतीस, हे मला ठाऊक आहे. पण घर फार मोठं वाटतं संध्याकाळी. टीव्ही लावते, बंद करते, पुन्हा लावते.

आज क्षमावाणी. सकाळपासून सगळ्यांची क्षमा मागून झाली, तू तेवढी राहिलीस. तुला फसवलं, मला क्षमा कर. पण ते घड्याळ आता मागू नकोस, हरणाबाईलाच देऊन टाकलंय. इथून पुढं तुझ्याकडे माझं काही आपोआप पोचणार नाही. मी कशी आहे ते मलाच विचारावं लागेल. दिवस मावळायच्या आत जेवून घेते. त्यानंतर मी फोनजवळच असते.

तुझीच,
आई