पाणी लावू नका

आये, मी लांबची सहल करून आले. तुला हे सांगितलं तर आधी तू हसशील आणि मग विचारशील, सोबत कोण होतं. सोबत तुझा नातू होता, म्हणजे माझा मुलगा, सून होती आणि त्या दोघांची लेक होती. ती लेकच आत्ता माझ्यापुढं बसून हे लिहितेय. तुला अक्षर येत नव्हतं, मला येत नाही. एका अडाणी बाईनं दुसऱ्या अडाणी बाईला पत्र घालायचं, तर मध्ये एक इंजिनीयर बसवावी लागते. "आजी, तुझं बोलणं जरा सरळ करून लिहिते हं," असं तिनं आधीच बजावलंय. म्हटलं, कर बाई. पाठ तर आता सरळ होत नाही, बोलणं तरी होऊ दे.

ही पोरगी ताथवड्याच्या कॉलेजात शिकली आणि चाकणला मोटारींच्या कंपनीत लागली. कंपनीनं तिला वर्षभरासाठी स्पेन नावाच्या देशात धाडलं होतं. वर्ष संपत आलं तेव्हा तिनं आम्हांला बोलावून घेतलं, या, तुम्हांला दक्षिणेकडचा भाग फिरवते आणि मग सगळे बरोबरच परत जाऊ. मी नको नको म्हणत होते, आणि नको म्हणता म्हणता कुठली नऊवारी न्यायची ते ठरवत होते, हे सुनेनं बरोबर हेरलं. तिथं गाडी पोरगी चालवायची, बाप शेजारी बसून पायानं ब्रेक दाबायचा, त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता तरी. मागं आम्ही दोघी सासवासुना, मध्ये चिवड्याचा डबा. आये, तो मुलूख बघून मला वाटलं, विमान फिरून आपल्याच माळावर उतरलं की काय. ऊन तसंच, माती तांबूस, बांधाला निवडुंग आणि घायपात. हॉटेलात वाटीभर हिरवी बोरं आणून ठेवली म्हणून एक तोंडात टाकलं, तर खारट आणि कडू. पोरगी म्हणाली, ऑलिव्ह. एका शहरात रस्त्याच्या दोन्ही कडांना नारिंगं लगडलेली आणि कुणी हात लावत नव्हतं. मी लावला. इतकं आंबट निघालं, की माझं तोंड आठवून सून दोन दिवस हसत होती. मी हसू दिलं. सगळे एका गाडीत होतो, कुणाला शिफ्ट नव्हती, ओव्हरटाइम नव्हता. असं घर मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

मग एके दिवशी डोंगरावरच्या एका गावात गेलो. सबंध गाव पांढरं, एक भिंत दुसऱ्या रंगाची नाही. उन्हात डोळे उघडवत नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, बघ, काय पेंट मारलाय." पेंट! मी भिंतीला तळवा टेकवला, तर तळवा पांढरा झाला. बोटं चोळून नाकाशी नेली. आये, चुना. भिंत अंगाला लागू नये म्हणून त्यात चिकट सरस घालतात, तो कमी पडलेला. पुढच्या दाराशी माझ्याच वयाची एक बाई बादली घेऊन भिंतीवर कुंचा मारत होती, पायांवर शिंतोडे उडालेले. मी जवळ जाऊन चांगल्या मराठीत म्हटलं, "बाई, सरस घाला थोडा, अंगाला लागतोय." ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली, माझा तळवा बघून मोठ्यानं हसली आणि तिनं कुंचाच माझ्यापुढं केला. मी मारला. आधी खालून वर, मग आडवा, तू शिकवलास तसा. पोरगी फोटो काढत म्हणाली, "आजी, तू हे कुठं शिकलीस?" मग त्या बाईच्या उंबऱ्यावर बसून मी पोरीला तुझी गोष्ट सांगितली.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर कारखाने यायला लागले होते आणि एका कारखान्याच्या कामगारांसाठी खोल्या बांधायचं काम निघालं होतं. सुगी झाली की आपल्या वावरात हाताला काम नसायचं, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, बैल घेऊन ठेकेदाराच्या चुना मळायच्या घाणीवर गेले आणि तू सफेदीवर. दादांना चुन्यातलं सगळं कळायचं. खडा हातात घेतला की सांगायचे, ह्यो नीट भाजलाय, ह्यो कच्चा हाय. नव्या गड्याला ते पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवायचे, "चुना आन् पाणी, लांबनं. पाणी दिसलं की चुना उकळतो." मी तेव्हा सात-आठ वर्षांची. तू मला घायपात चेचून, सुतळीनं बांधून एक छोटा कुंचा करून दिला होतास. तू वरची भिंत मारायचीस आणि मी खालची, जिथं तुला वाकावं लागायचं तिथली. "ही माझी कंबर हाय," असं तू बायकांना सांगायचीस. त्या कुंच्याएवढी मोठी वस्तू मला नंतर कुणी दिली नाही, लग्नात सुद्धा नाही.

त्या दिवशी तू पिंपातल्या पाण्यात खडे टाकून चुना विझवतेयस. खडे खदखदतायत, वाफ निघतेय, तू काठीनं ढवळतेस आणि तोंड बाजूला धरतेस, रोजच्यासारखं. एक खडा फुटतो. आवाज एवढासाच. तू खाली बसतेस, दोन्ही हात डोळ्यांवर, आणि ओरडत नाहीस, नुसती कण्हतेस. मी धावते ती पाण्याकडं. मला कुणी सांगितलं नव्हतं. भाजलं की पाणी, एवढंच पोराच्या जातीला ठाऊक. लोटा भरून मी तुझ्या तोंडाशी आणते, आणि दादा घाणीवरून धावत येऊन तो माझ्या हातातून उडवतात. "पाणी लावू नका! कुनी पाणी लावू नका! डोळं उकळत्याल तिचं!" पाठोपाठ माझ्या गालावर चपराक. "आयेला शिजवतीस व्हय गं?" मग कुणीतरी गोडं तेल आणलं, तेलाची पट्टी तुझ्या डोळ्यांवर बांधली आणि बैलगाडीतून तुला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. दापोडीचा पूल लागला तेव्हा नदीचा वारासुद्धा तुला लागू नये म्हणून दादांनी तुझ्या तोंडावर घोंगडी ओढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि घाईनं विचारलं, "पाण्यानं धुतले होते का?" दादा छाती काढून म्हणाले, "थेंब लागू दिला न्हाई सायेब." डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, "बरं" म्हणाले आणि तुला आत घेऊन गेले. मला वाटलं, दादांना शाबासकी मिळाली.

एक डोळा गेलाच. दुसऱ्याला उजेड आणि अंधार, तेवढं कळायचं. तू रडत बसली नाहीस, आमच्यावरच डाफरायला लागलीस. भाकरी भाजली की नाही ते वासावरून सांगायचीस आणि बाहेर काय चाललंय ते मला सांगायला लावायचीस. मी म्हणायचे, "आये, आपण रंगवल्याल्या खोल्या लई छान दिसत्यात." तू चिडायचीस. "लई छान तर मी आंधळीबी म्हणीन. काय हाय ते सांग." मग मी सांगायचे, कुणाच्या दारात तुळस आलीय, कुठल्या भिंतीवर पोरांनी कोळशानं बैल काढलाय. आणि घरी कुणी पाहुणा आला की तू तुझी आवडती गोष्ट काढायचीस, "ही माझी लेक बरं का. मला भातासारखी शिजवाय निघाली हुती. तिच्या बापानं लोटा उडवला म्हणून वाचले." माझ्या सासरची माणसं मला बघायला आली तेव्हाही तू ती सांगितलीस. ते हसले, तू हसलीस, मीही मान खाली घालून हसले. दादा कधी हसले नाहीत. गोष्ट सुरू झाली की ते बैलांना पाणी दाखवायला उठून जायचे.

आणि मी ते खरं धरून जन्म काढला, आये. दादा वेळेवर आले नसते तर आईचं तोंड मी माझ्या हातानं उकळून काढलं असतं, असं मला कायम वाटत आलं. माझ्या मुलाच्या डोळ्यांत लहानपणी तिखटाचा हात गेला, तर सासू ओरडतेय, "अगं पाणी मार," आणि मी त्याला मोरीतून ओढून आणून पदराच्या बोळ्यावर फुंकर घालून त्याचे डोळे शेकत बसले होते.

हे सगळं त्या उंबऱ्यावर मी हसत हसत सांगितलं, तुझ्याच चालीत. "अशी मी तुझ्या पणजीला शिजवायला निघाले होते बघ." मुलगा हसला, सून हसली, त्यांनी ही गोष्ट कितीदा ऐकलेली. पोरगी हसली नाही.

"आजी, पण पाणीच तर..." ती म्हणाली आणि थांबली.

"पाणीच तर काय?"

"काही नाही. चल, ऊन वाढलंय."

"ए, मी तुझ्या बापाची आई आहे. काय ते बोल."

ती माझ्या पांढऱ्या तळव्याकडं बघत म्हणाली, "कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात. डोळ्यांत काही उडालं की धुवायचे. त्यासाठी जागोजागी नळ आहेत, वर तोंड केलेले. पाणी सोडायचं आणि थांबायचंच नाही."

"चुना उडाला तरी?"

"चुन्याला तर लगेच."

"अगं, चुना पाण्यानं उकळतो. मी बघितलंय."

"डोळ्यांत पाणी असतंच की गं आजी. ते थोडं असतं म्हणून भाजतं. भरपूर घातलं की चुना वाहून जातो." मग हळूच म्हणाली, "तू बरोबर होतीस."

मुलगा तिच्यावर खेकसला, "कशाला हे? इतक्या वर्षांनी काय उकरायचं?" तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "राहू दे रे. बरोबर असलेल्या पोरीवर ओरडायचं, ही आपल्या घराची चालच दिसते." ती रंगवणारी बाई आमच्याकडं बघत होती. तिला काय कळलं असेल कोण जाणे, तिनं आतून प्यायला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाडा नावाच्या शहरातला जुना राजवाडा बघायला गेलो. सगळे माना वर करून छताची नक्षी बघत होते. मला दिसलं ते पाणीच. अंगणात हौद, फरशीतून दगडी पाट, एका जिन्याच्या तर कठड्यावरूनच पाणी खाली येत होतं, हात टेकायचा तिथून. कुणी पीत नव्हतं, कुणी भरत नव्हतं, नुसतं बघायला सोडलेलं. आये, मी त्या कठड्याशीच उभी राहिले. तुला किती थोडं लागणार होतं गं. चुन्यासाठी भरून ठेवलेली पाण्याची पिंपं तिथं शेजारीच होती, एवढ्या बायका होत्या, हातोहात ओतलं असतं तर... मी ओंजळ भरली. भरली तर खरी, पण ज्या तोंडावर मारायची ते तोंड कुठं होतं? बोटांतून सगळी गळून गेली. सुनेला वाटलं, मला भोवळ आली. तिनं रुमाल ओला करून माझ्या कपाळावर ठेवला. मी ठेवू दिला.

आता घरी आलोय. पोरगी विचारते, "पणजोबांना नंतर कळलं होतं का गं?" मला काय ठाऊक. डॉक्टरांचा तो खांद्यावरचा हात मी आता पुन्हा पुन्हा बघते. ती शाबासकी नव्हती. दादा उठून जायचे तेही बघते. कळलं असेल, तर त्यांनी आपल्या पोरीवर सगळ्यांना उगाच हसू दिलं. पण तुझ्यापुढं त्यांनी तोंड उघडायचं तर कसं, हाही प्रश्नच. संध्याकाळी दिवा लागला की त्याच्या दिशेनं तोंड करून तू म्हणायचीस, "तुमी पाणी लावू दिलं न्हाई, म्हणून एवढी तिरीप तरी दिसतीया." शेजारी बसलेले दादा तुझ्या ताटात भात कालवायचे आणि तुझा हात धरून त्यावर नेऊन ठेवायचे. त्यांच्यावर राग धरायचा म्हणून मी बसते, आणि मला तो भात कालवणारा हातच दिसतो.

म्हणून हे तुला धाडायचं नाही, असं मी पोरीला सांगितलं. ती म्हणते, "आजी, तू धाडणार तरी कुठं होतीस?" वेडी आहे. मी रोज मनातल्या मनात तुला सगळं सांगते, भाजी कुठली केली इथपर्यंत. एवढं मात्र सांगणार नाही. दादा आता तुझ्याजवळच असतील, त्यांना तिथून उठून जायला बैल तरी कुठं आहेत. तू तिथं कुणाला गोष्ट सांगत असशील, तर खुशाल सांग. आईला शिजवायला निघालेली पोर म्हणूनच सांग, मला चालेल.

फक्त एक आहे, आये. पोरगी "तू बरोबर होतीस" म्हणाली ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. तुझे डोळे नंतर आठवले.