बॉम्बफेकी विमानात माझी जागा कोणती

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. एरवी हा शब्द आपण सवयीनं लिहून मोकळे होतो, पण या वेळी मी खरोखरच जमिनीवर पालथी पडून लिहिते आहे, तेव्हा त्यात खोटं काही नाही. (पाठ धरली आहे. का, ते पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस, आणि बाबा म्हणतात की दोन्हींची कारणं वेगळी असतात. तेवढं कळव. इकडे सगळे बरे आहेत. आई लोकांना गाडी शिकवते आहे, बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करताहेत, दादा कवळ्या बनवतो आहे आणि मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर "आत्ता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं?" असं विचारते आहे.

पत्राचं कारण शुक्रवारचा प्रश्न. तू इथून तुझ्या गावी राहायला गेलीस तरी तो चालू आहे, आणि नियमही तुझेच आहेत. जेवण झाल्यावर एकानं प्रश्न विचारायचा, बाकीच्यांनी टेबल सोडायच्या आधी उत्तर द्यायचं, "माहीत नाही" चालणार नाही, आणि दिलेलं उत्तर निभवायचं. ("कोणता प्राणी व्हाल" याला दादा उंट म्हणाला होता आणि तू त्याला आठवडाभर जेवताना पाणी दिलं नव्हतंस. तो अजून पाहुण्यांना सांगतो.) जी माणसं पहिल्यापासून शाळेत गेली त्यांना हे समजावणं कठीण आहे. आमच्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, पण हा खेळच ना?" मी लहानपणी शाळेऐवजी तुझ्याकडे आणि बाबांकडे याच टेबलाशी शिकले. मला अजून खेळ आणि अभ्यास यांच्यातली भिंत सापडलेली नाही, मी काय सांगणार?

गेल्या शुक्रवारी पाळी बाबांची होती. ते सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरचं जाड पुस्तक वाचताहेत, त्यामुळे प्रश्न असा आला: मोठ्या बॉम्बफेकी विमानात तुम्ही कोणती जागा घ्याल, आणि कोणत्या आघाडीवर? दादा खुर्चीतून अर्धा उठून "पायलट! उत्तर आफ्रिका!" म्हणाला. (कारण वाळवंटात कुठेही उतरता येतं. तो गाडी कशी लावतो ते तुला आठवत असेल.) आईनं फ्लाइट इंजिनिअरची जागा मागितली. तुम्ही सगळे शौर्य गाजवत असताना पेट्रोल किती उरलंय हे बघायला कोणीतरी नको का, म्हणाली. आघाडी कुठलीही, फक्त पॅसिफिक नको, तिथे विचारायला वाटेत माणूस भेटत नाही. बाबांनी वायरलेसवाल्याची जागा घेतली, युरोपच्या आघाडीवर. तिथे थंडी मरणाची, पण पुस्तकात म्हटलंय की एका विमानात गरम हवेचं तोंड नेमकं वायरलेसवाल्याच्या बाजूला असे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला उत्तर देता येईना. आपल्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच एका माणसाला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. उत्तर निभवायचं म्हटल्यावर, बसून न पाहता जागा कशी घ्यायची?

म्हणून मी बसून पाहिलं. काही विमानांच्या पोटाखाली काचेचा गोळा असे आणि त्यात एक माणूस गुडघे छातीशी घेऊन मशिनगन धरून बसे. शेजारच्यांच्या वॉशिंग मशिनचं खोकं मिळालं. आत जाता आलं. बाहेर येता आलं नाही. दादा मदतीला आला, पण आधी खोक्यावर "ही बाजू वर" कुठे लिहिलंय ते शोधत बसला. पाठ तिथे गेली. (इथे दादाची हरकत: तो शोधत नव्हता, नुसता वाचत होता. तुला माहीतच आहे, आपल्याकडे पाकिटात घालण्याआधी पत्र टेबलावर मोठ्यानं वाचलं जातं, तेव्हा लिहिता लिहिताच दुरुस्ती केलेली बरी.)

मग बॉम्ब टाकणाऱ्याची जागा. तो विमानाच्या नाकात पालथा पडून खाली बघतो, आणि पाठीमुळे मला तेवढंच शक्य होतं. गच्चीच्या कडेला पडून खाली अंगणातल्या खडूच्या वर्तुळात ओला स्पंज टाकायचा असं ठरलं. नेम अगदी जमला होता. तेवढ्यात शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला वर्तुळाजवळ आल्या आणि माझी बोटं उघडेचनात. मी ओरडले, "काकू, जरा बाजूला व्हा!" दादा म्हणाला, "शाब्बास. शत्रूलाही आधी पोस्टकार्ड टाकणार वाटतं?" तो हसला, पण मी तिथेच बराच वेळ पडून राहिले. वरून काकूंच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. ज्यांनी खरोखर बटण दाबलं त्यांना खालचं काय काय दिसत असेल, हे पुस्तकात कुठेच नाही. ती जागा मी खोडली.

शेपटीतल्या मशिनगनवाल्याची जागा मला आवडेल असं वाटलं होतं. आईच्या शिकवणीच्या गाडीची डिकी उघडी ठेवून मी मागे तोंड करून बसले आणि आईनं गल्लीतून सावकाश एक फेरी मारली. (आमच्या दुकानाचे मालक समोरून चालत येत होते. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त माझा नंबर तपासला.) त्या जागेची गंमत अशी की आपण कुठे चाललोय ते दिसतच नाही. दिसतं ते फक्त मागे पडत जाणारं. फाटक, फाटकात हातातला स्क्रू-ड्रायव्हर हलवत उभे असलेले बाबा, मग नुसता स्क्रू-ड्रायव्हर. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

राहिला नॅव्हिगेटर. त्याच्याभोवती पडदा असे, कारण दिव्याचा उजेड बाहेर जाऊन चालत नसे. म्हणजे बाहेरचं काही न बघता, वेग, वेळ आणि दिशा यांवरून आपण कुठे आहोत ते सांगायचं. मागच्या सीटभोवती चादरी बांधल्या. आई पुढून वेग सांगायची, दादा वळणं, आणि मी आत नकाशा, घड्याळ आणि पट्टी घेऊन. मी "आलं आपलं घर!" म्हटलं आणि चादर बाजूला केली, तर आम्ही सिमेंटच्या कारखान्याच्या आवारात. पहारेकरी आईला म्हणाला, "बाई, शिकाऊ कोण आहे यात?" आई म्हणाली, "मागे बसलीय." परत येताना सगळे हसत होते आणि मी आकडे तपासत होते. चूक सापडली! सिग्नलला गाडी थांबायची तो वेळ मी चालण्यातच धरला होता. विमान सिग्नलला थांबत नाही म्हणून मी तो प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता. आत्या, चूक सापडल्यावर जो आनंद झाला तो घर सापडून झाला नसता.

तरी उत्तर अजून दिलेलं नाही. आघाडीचंही अडलंय. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. पत्र टेबलावर वाचून झालं. बाबांनी एक स्वल्पविराम काढला. हे पुढचं कोणी ऐकलेलं नाही, आणि असं लपवल्याचं मला वाईट वाटतंय. तुमच्या गावातल्या नकाशांच्या कचेरीत मला नोकरी मिळाली आहे. जुन्या नकाशांतल्या चुका शोधायच्या. होकार लवकर कळवायचाय. तुझी वरची खोली मला मिळेल का? आणि बाबांना तू सांगशील का? मी शुक्रवारी एक जागा घेतली की ती निभवावी लागणार, आणि डिकीतून मी काय पाहिलं ते तुला लिहिलंच आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी शुक्रवार आला. मी म्हटलं, "नॅव्हिगेटर." बाबा म्हणाले, "आघाडी?" मी म्हटलं, "आत्याचं गाव," आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दादा म्हणाला, "तिथे कुठलं युद्ध आहे?" बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीच्या घरात राहून बघ, कळेल." त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "वायरलेसवाला मी आहे ना? रोज संध्याकाळी कुठे आहेस ते कळवायचं. नाही कळवलंस तर मी गरम हवा सोडून बाहेर पडेन." तेव्हा बाबांना सांगायचं काम रद्द. खोलीचं तेवढं बघ.

ता. क. तिसरा. मला सोडायला आई स्वतः गाडी घेऊन येणार आहे. रस्ता मी सांगायचा, चादरीआडून, असं टेबलावर ठरलंय. आम्ही केव्हा पोचू ते विचारू नकोस. तुमच्याकडे सिमेंटचा कारखाना असला तर कुठे आहे तेवढं कळव, म्हणजे तिथे घ्यायला येता येईल.