एकच हातमोजा

स्कारवाग, लोफोटेन
शुक्रवार, मार्च

प्रिय निकोलीने,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर टाळत होते. निमित्तं पुष्कळ आहेत. यंदा मासळी दणकून आली आहे. दिवसभर मांडवाखाली उभं राहून कॉडच्या जोड्या बांधायच्या आणि वाळत टांगायच्या, हात निळे पडले की दोन्ही बाजूंनी काखांवर आपटून घ्यायचे आणि पुन्हा बांधायला लागायचं. घरी आल्यावर लेखणी धरायला बोटं वळत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते. पण तीच बोटं सासूबाईंचे बटाटे सोलतात, माझ्या सिग्नेच्या वेण्या घालतात. फक्त तुला लिहायचं म्हटलं की आखडतात.

तुम्ही दोघं पुढे जाऊन राहिलात त्या बेटावर टपालबोटीवरच्या माणसांनी बातमी पोचवलीच असेल. आपल्या धक्क्यावरच्या येन्टोफ्टच्या गळाला मागच्या आठवड्यात एक हातमोजा लागला. उजव्या हाताचा, चार बोटांना एक घर आणि अंगठ्याला वेगळं, आपले सगळेच दर्यावर्दी घालतात तसला. अंगठ्याच्या बुंध्याशी घातलेला तिरका टाका त्याने पाहिला आणि म्हणाला, "हा बोरगिलच्या हातचा. म्हणजे हिल्मारचा." टोपी हातात घेऊन घरी आला, हातमोजा टेबलावर ठेवला आणि कॉफीलासुद्धा थांबला नाही. जानेवारीच्या वादळात तुझा कोन्राड आणि माझा हिल्मार एकाच बोटीतून गेले, तेव्हापासून गावाला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. आता ते मिळालं. सुताराने पावाएवढी पेटी करून दिली. पाद्रीबाबांनी रविवार ठरवला. शेजारणी केक आणून ठेवतात आणि माझा हात दाबून म्हणतात, "निदान तुला तरी जागा मिळाली जायला."

आणि सासूबाई. तुला माहीत आहे, आमच्या घरात एकही कबर नाही. मामंजींनाही समुद्रानेच नेलं, हिल्मार तेव्हा पाळण्यात होता. म्हातारीने हातमोजा मांडीवर घेतला, बराच वेळ कुरवाळला, मग हळूच आपला हात आत घातला आणि म्हणाली, "हात तरी घरी आला गं." तिला आता धड दिसत नाही. त्या दिवसापासून ती बरोबर जेवते, वेळेवर झोपते. स्मशानातली जागा तिने स्वतः जाऊन निवडली, भिंतीच्या आडोशाला, वारा लागत नाही म्हणून.

मला मात्र सारखे तुझे ते पहिले हातमोजे आठवत होते. लग्न होऊन तू या गावात आलीस त्या हिवाळ्यातले. सूत तर असं कातायचीस की बघत राहावं, पण सुया हातात घेतल्या की राग आल्यासारखी घट्ट विणायचीस. त्यात तुला कोणी सांगितलंच नव्हतं की समुद्रावरचा हातमोजा राक्षसाच्या मापाने विणायचा असतो, खाऱ्या पाण्यात आणि माशांच्या चिकट्यात तो आटत आटत माणसाच्या हाताएवढा होतो. तू मापात विणलेस. आठवड्याभरात ते एवढेसे झाले. येन्टोफ्ट धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे कोन्राड, बायकोने मांजरीचे दिले वाटतं चुकून?" कोन्राडने तेच बोटांच्या टोकांवर चढवले आणि म्हणाला, "मांजर मोठी आहे आमची." वर दिवसभर तसाच दोर ओढत राहिला. संध्याकाळी त्याची बोटं पांढरीफटक झालेली बघून तू माझ्याकडे रडत आलीस. या गावात नवऱ्याला दुसऱ्या बाईने विणलेले हातमोजे घालायला लागले तर बायकोने तोंड दाखवू नये, असंच सगळे मानतात. म्हणून आपण ठरवलं, दोन्ही घरांचं सूत तू कातायचंस, दोन्ही जोड्या मी विणायच्या आणि हे कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही.

केस मात्र जिचे तिचे. फणीतलं गुंतवळ वर्षभर जपून ठेवायचं आणि तळव्याच्या सुतात कातायचं, म्हणजे दोराने हातमोजा झिजत नाही आणि पाणी चटकन आत येत नाही, ही आईकडून शिकलेली गोष्ट. बायकोचा केस हातात असला की समुद्र दोनदा विचार करतो, ही आपली भाबडी समजूत. तू सूत देताना दोन वेगळ्या गुंड्या करून द्यायचीस आणि म्हणायचीस, "बघ हं बाई, माझ्या नवऱ्याच्या हातात तुझे केस जायला नकोत." आपण किती हसायचो. सगळ्या गावात काळ्या केसांची मी एकटी, शाळेत मला कावळी म्हणायचे. आणि तुझी ती तांबडी वेणी लांबून ओळखू यायची.

आता तुझ्या लक्षात आलं असेल.

सासूबाई म्हणाल्या, "पोराला मिठात कशाला झोपवायचं, धुऊन टाक गोड्या पाण्यात." मी धुतला. पिळायच्या आधी उलटा केला आणि खिडकीशी धरला. तळव्यात लोकर आटून अगदी नमद्यासारखी घट्ट झाली होती आणि तिच्यातून केस वर आले होते. तांबडे. मी दुसऱ्या खिडकीशी जाऊन पाहिलं. दाराबाहेर जाऊन बर्फावरच्या उजेडात पाहिलं. मग सुलटा केला, वाळत घातला, आणि आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "झाला धुऊन."

तिथून पुढे जे चाललंय ते सांगायला लाज वाटते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं आहे. कोणी पेटीकडे पाहिलं की मला वाटतं, याला कळलं. मी मनाशी म्हटलं, म्हातारीला आयुष्यात एक कबर मिळतेय, मिळू दे. आणखीही एक म्हटलं, आणि ते जास्त वाईट आहे. तू लिहिलं होतंस की कोन्राडला एखाद्या परदेशी जहाजाने उचललं असेल, भाषा कळत नसल्याने निरोप पाठवता येत नसेल, आणि म्हणून तू त्याचे लोकरी पायमोजे रोज चुलीजवळ ऊब घ्यायला ठेवतेस. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि ठरवलं की मी गप्प बसतेय ती तुझ्यासाठी. निकोलीने, ते खोटं होतं. तुझी आशा मला इतकी प्यारी नव्हती. मला कबर हवी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही वस्तू. ठेवली तर मी तुझ्या नवऱ्याला माझा म्हणून पुरते आणि तुला जन्मभर खिडकीशी बसवते. पाठवली तर तुझे ते पायमोजे मीच चुलीजवळून उचलते.

आज सकाळी बटाटे सोलता सोलता सासूबाईंना सांगितलं. हातमोजा त्यांच्या मांडीवरच होता. मला वाटलं ओरडतील, निदान रडतील. त्यांनी विचारलं, "नक्की तांबडे?" मी हो म्हटलं. मग विचारलं, "ती पोरगी अजून दोघांचं जेवण करते का गं?" मी म्हटलं, करत असेल. म्हातारीने हातमोजा मांडीवर सपाट केला, अंगठा नीट आत दुमडला आणि माझ्याकडे दिला. "दे तिला तिचा. वाट बघायची ती मी बघीन. एकदा बघितली आहे, येते मला." आणि सुरी घेऊन पुढचा बटाटा सोलायला लागल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आपल्यात तसं काही करत नाहीत, म्हणून मी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्यांचे हात माझ्या काखेत धरून बसले. बर्फासारखे गार होते.

पाद्रीबाबांना दुपारी जाऊन सगळं सांगितलं. त्यात तुझं विणण्याचं गुपित फुटलं, त्याबद्दल मला माफ कर. ते म्हणाले, रविवारी नुसती प्रार्थना करू, दोघांच्या नावाने. येन्टोफ्टला कळलं तेव्हा तो धक्क्यावर कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "मांजरीचं मी बोलायला नको होतं."

या पत्राबरोबर कापडात गुंडाळलेलं जे पुडकं आलं आहे, ते तू अजून उघडलं नसशील तर आता उघड. पेटीही पाठवली आहे, सुताराने पैसे घेतले नाहीत. केस आधी तू स्वतः उजेडात नीट पाहून घे, माझ्या शब्दावर राहू नकोस, एक आठवडा मी खोटी वागले आहे. पुरायच्या दिवशी बोलावलंस तर सासूबाई आणि मी येऊ, नाही बोलावलंस तरी मी समजेन. आणि पेटीत ठेवण्याआधी एकदा तो हातात घाल. कोरडा घालू नकोस, आपल्या माणसांनी घातला तसा घाल. समुद्राच्या पाण्यात बुडव, घट्ट पीळ, आणि मग हात आत सरकव. पहिल्यांदा तो चावेल. तेवढं सोस, काढू नकोस. मग हळूहळू ऊब येते.

तुझीच,
बोरगिल