दुसरं कार्ड बसवायचं का?

मंगळवार, संध्याकाळ

आज कामतघर भागातल्या दुकानातला इम्रान घरी येऊन कॉम्प्युटर बघून गेला. मीच बोलावलं होतं. गेममध्ये माझी गोळी उशिरा सुटते, म्हणून दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवायचं मनात होतं.

त्याने मला खेळायला लावलं आणि मागे उभा राहून पडद्याच्या कोपऱ्यातला कार्डच्या वेगाचा आकडा बघत राहिला. आकडा एकदाही खाली आला नाही.

"भाई, कार्ड एकदम ठीक है. दूसरा डालके कुछ फायदा नहीं," म्हणाला. मग त्याची नजर माझ्या उजव्या हातावर गेली.

म्हणजे उशीर हाताला होतोय. पाय गेले तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, आजार पुढे हातांत येऊ शकतो. आला का? इतक्या लवकर? बोटाला दाब म्हणतो, तर ते क्षणभर थांबतं. हातही गेले तर दिवसभर करू काय मी?

इम्रान गेल्यावर बाबा आत आले. "दुसरं कार्ड टाकलं की नीट चालंल ना रे?" केवढ्या आशेने विचारलं! माझं काहीतरी दुरुस्त करणं एकदाचं त्यांच्या हातात होतं.

"हो," म्हटलं. "घेऊन या."