अण्णांना धबधबा दाखवायचा आहे

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना अण्णा म्हणाले, एकदा तो घाटातला बारमाही धबधबा बघावा म्हणतो. एवढंच बोलले आणि पुन्हा ताटात मान घातली. वडिलांनी आजवर माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाही. वय ऐंशीला टेकलंय, नजर अधू. ताबडतोब जाहीर केलं: या शनिवार-रविवारी सहकुटुंब धबधबा. अण्णांना मी स्वतः दाखवणार.

ही म्हणाली, रजा मिळेल का? मी म्हणालो, शनिवार-रविवारला रजा कशाला लागते? ही म्हणाली, मग गेले सगळे शनिवार तुम्ही होतात कुठे? विषय वाढवला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पायऱ्यांची तयारी म्हणून पहाटे फिरायला जाणार होतो. गेलो नाही. शक्ती राखून ठेवणं हीसुद्धा तयारीच.

लेकीने मोबाइलवर फोटो दाखवले. खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत. अण्णांना झेपायच्या नाहीत. म्हटलं, मी धरून नेईन. वेळ पडली तर पाठुंगळी घेईन. लेक हसली. का हसली ते विचारलं नाही.

मेहुण्याचा फोन. माझी मोठी गाडी आहे, मी चालवतो, तुम्ही निवांत मागे बसा म्हणे. नम्रपणे नकार दिला. ही म्हणते, नम्रपणे नव्हता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना ठणकावून सांगितलं, दोन दिवस मला फोन करायचा नाही. साहेब म्हणाले, बरं. पण व्हॉल्व्हच्या ऑर्डरचं काही अडलं तर? म्हटलं, तर करा. पंपाच्या कारखान्यात व्हॉल्व्ह आले नाहीत तर सगळंच ठप्प. आणि खरेदी विभाग म्हणजे मी. दोन माणसं आहेत हाताखाली, पण त्यांच्या भरवशावर सोडण्यासारखं काही नाही.

घरी येऊन बूट काढायला सोफ्यावर बसलो. ही म्हणते, एक बूट काढला आणि घोरायला लागलात. खोटं आहे. डोळे मिटून रस्त्याचा विचार करत होतो.

नवे बूट आणलेत. चढणीचे. घोट्याच्या वरपर्यंत येतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

उजाडायच्या आत निघायचं होतं. ऊन चढल्यावर निघालो. डिकी मी स्वतः लावली. सामान लावायला डोकं लागतं. लावून झाल्यावर कळलं, अण्णांच्या गोळ्या सगळ्यांत खालच्या बॅगेत. पुन्हा काढली, पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी एक बॅग उरली. ती लेकीच्या मांडीवर.

मोबाइलमधली बाई सारखी उजवीकडे वळा म्हणत होती. मी डावीकडे वळलो. एका ट्रान्सपोर्टवाल्याने मागे कधीतरी या आडवाटेबद्दल सांगितलं होतं. आडवाट एका दगडाच्या खाणीत संपली. पुढे नुसता खड्डा. अण्णा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून खाण बघितली आणि छान आहे म्हणाले. हिने मोबाइलमधल्या बाईचा आवाज मोठा केला. स्वतः बोलली असती तर बरं झालं असतं.

वाटेत साहेबांचे फोन. दर वेळी गाडी बाजूला घेऊन बोलायचो. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही इथेच ऑफिस थाटा, आम्ही पुढे चालत जातो. हल्लीच्या मुलांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

पोचलो तेव्हा दरीत धुकं. कठड्याला टेकून आम्ही चौघे पांढऱ्या भिंतीकडे बघत उभे. पलीकडून नुसता आवाज. मी सगळ्यांना समजावलं की धबधब्याचं खरं वैभव आवाजातच असतं. कोणी ऐकलं असं वाटलं नाही. चहावाला म्हणाला, सकाळी मोकळं होईल. लॉजवर मुक्काम.

दमलेलो नाही. गाडी चालवून डोळे जरा जड झालेत, एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लख्ख ऊन. नव्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. तसाच वाकलेला राहिलो. बुटांचा दोष. इतक्या खाली नाड्या द्यायच्याच कशाला?

हिने आणि लेकीने धरून गाडीत बसवलं. मी म्हणालो, आता परत जाऊ, अण्णांना माझ्याशिवाय उतरणं शक्य नाही. अण्णा म्हणाले, आम्ही आपले कठड्यापर्यंत जाऊन येतो. माझ्या पाठीशी उशी लावली, सीट मागे केली, खिडकीची काच थोडी खाली घेतली. मग तिघे गेले. कठड्यापर्यंत गेले आणि कठड्यापलीकडे उतरायला लागले. पुढे अण्णा. मी हॉर्न वाजवला. अण्णांनी मागे न बघता हात हलवला.

तेवढ्यात साहेबांचा फोन. व्हॉल्व्ह. बोललो. त्यानंतर पाचेक मिनिटं डुलकी लागली असेल. डोळे उघडले तेव्हा ऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं आणि तिघे समोरच्या बाकावर बसून ब्रेड-अंडी खात होते. लेकीला विचारलं, कसा होता? म्हणाली, बाबा, सांगून नाही कळायचं.

परतताना हिने गाडी चालवली. बरी चालवते. खाण कुठेच लागली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कमर धरलेलीच. पडून आहे. काल ऑफिसला फोन केला. व्हॉल्व्ह रविवारीच आले म्हणे, हाताखालच्या माणसाने परस्पर सोडवून घेतले. साहेब म्हणाले, सावकाश या, काही घाई नाही. ‘काही घाई नाही’ हे बोलायची काय पद्धत झाली?

दुपारी अण्णा बाहेरच्या खोलीत आत्याशी फोनवर बोलत होते. आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे अण्णा ओरडून बोलतात. भिंतीतून सगळं ऐकू येतं. त्यांना वाटलं, मी झोपलोय.

म्हणत होते, अगं, मी कधीच पाहिलाय तो. तुझ्या वहिनीबरोबर दोनदा जाऊन आलोय. माझ्यासाठी नव्हतं ते. याचं तोंड बघवत नव्हतं मला. घरी येतो, जेवतो, ताटावर बसल्या बसल्या पेंगतो. कुठे जा म्हटलं तर जात नाही. मी मागितलं की नाही म्हणणार नाही, म्हणून मागितलं.

आत्याने काहीतरी विचारलं असावं.

मग म्हणाले, नाही गं. त्याने नाही बघितला. गाडीत झोपला होता. पण काय झोपला होता! लहानपणी झोपायचा तसा, तोंड उघडं टाकून. आम्ही वर आलो तरी उठवला नाही. ही पोर हाक मारायला निघाली होती, मीच थांबवली. बसलो बाकावर तो उठेपर्यंत. जाऊ दे, धबधबा काय, पळून जातोय थोडाच?

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग दाराशी पावलं. अण्णांनी आत डोकावून हळूच विचारलं, उठलास का रे?

मी डोळे मिटून पडून राहिलो. त्यांनी आत येऊन पायांवर पांघरूण ओढलं आणि दार लोटून घेतलं.